समजुतींचा रकाना

झाडं लावणाऱ्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. मी तो मोडणार आहे. ज्याला राग येईल त्याने खुशाल करावा. माझ्याकडे तो इतका साठला आहे की थोडा वाटून दिला तरी मला कमी पडणार नाही.

नागपूरच्या टोकाला, हुडकेश्वरच्या पुढे, प्लॉटविक्रीचे फलक संपतात आणि तुरीची शेतं लागतात. तिथून स्कूटरने अर्ध्या तासावर एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावाला लागून एक मोठा माळ होता. बोरी, हिवर, पळस, तरवड, मधूनमधून उघडा मुरूम. सरकारी दप्तरात अशा जागेला झुडपी जंगल म्हणतात. गावाची ढोरं तिथे चरायची, बाया सरपण आणायच्या, म्हातारी माणसं झाडपाल्याचं औषध आणायची. मी ज्या संस्थेत काम करायचे, तिच्या कागदांत मात्र त्याच माळाचं नाव 'अवनत भूदृश्य' असं होतं. अवनत म्हणजे बिघडलेलं, उतरणीला लागलेलं. गावातल्या कुणालाही आपला माळ बिघडलाय हे माहीत नव्हतं, ते आम्ही जाऊन सांगितलं.

मग पुनर्स्थापना सुरू झाली. एका कंपनीने देणगी दिली, चारी बाजूंनी तारेचं कुंपण पडलं, खड्डे खणले गेले, रोपं लागली. ढोरांना आत मज्जाव झाला. दोन पावसाळ्यांत गवत कमरेला लागलं. रविवारी शहरातून गाड्या भरून लोक यायचे, रोपांशेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि परत जायचे. हिरवं झालं हे खरं, मी खोटं बोलणार नाही. पहिल्या वर्षी ते पाहून माझेही डोळे निवले होते.

माझं काम मानववंशशास्त्राचं. जमीन पुन्हा हिरवी झाली की तिथे कोण कोण परत येतं? पाखरं येतात, ससे येतात, तसे उंदीर-घुशीही येतात. त्यांच्या अंगावर गोचिड्या, किडे येतात आणि त्यांच्याबरोबर कधी कधी नवे ताप येतात. किंवा जुनेच ताप, जे डॉक्टर विसरून गेलेत. गावातल्या माणसांना यातलं काय दिसतं, ते काय करतात, काय टाळतात, हे त्यांच्यात बसून समजून घ्यायचं, असा आमचा अभ्यास होता. विषय चांगला होता. अजूनही चांगला आहे, म्हणूनच जास्त चीड येते.

आठवड्यातून चार दिवस मी शहरातल्या प्रताप नगरहून स्कूटरवर निघायचे आणि उन्हं चढायच्या आत गावात पोचायचे. माझ्याकडे दोन गोष्टी असायच्या. एक जाड वही, जिच्यात मी ऐकलेलं सगळं लिहायचे. आणि एक छापील फॉर्म, जो दर शुक्रवारी कार्यालयात द्यायचा. फॉर्मवर चार रकाने होते. लक्षणे, कालावधी, उपचार आणि समजुती. पहिल्या तीन रकान्यांतली माहिती आरोग्य गटाच्या डॉक्टरांकडे जायची. चौथा रकाना आमच्या सरांकडे, म्हणजे अभ्यासाच्या प्रमुखांकडे जायचा, कारण त्यावर पुढेमागे एक शोधनिबंध व्हायचा होता. अशी वाटणी कुणी केली, का केली, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

आता थोडं माझ्या घराबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय माझी चूक कळणार नाही. छप्पन साली नागपुरात आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजोबांनी घरातले देव नेऊन नदीत सोडले आणि मागे वळून पाहिलं नाही. वडील कचेरीत कारकून होते. आमच्या घरात देव नव्हता, भूत नव्हतं, अंगात येणं नव्हतं, नवस नव्हता. लहानपणी मला कांजिण्या झाल्या, तेव्हा शेजारच्या काकू लिंबाचा डहाळा घेऊन आल्या. "माय आली वं पोरीले," म्हणाल्या. वडिलांनी त्यांना उंबऱ्याच्या बाहेरच थांबवलं. "माय नाई आली, रोग आला. डॉक्टरले आनून राहिलो," असं म्हणाले आणि सायकल काढली. मला त्या प्रसंगाचा फार अभिमान वाटायचा. कॉलेजात तो मी किती जणांना सांगितला असेल, गणती नाही. त्या अभिमानाने माझे कान कधी बंद केले, ते मला कळलं नाही.

गावात एक म्हातारी होती. साऱ्या गावाच्या बाळंतपणाला तिचे हात लागलेले. दाई म्हणून आता तिला कुणी बोलवत नसे, पण आंग चोळून घ्यायला, बाळ न्हाऊ घालायला बोलवत. तिचा मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी यायचा. घरात ती आणि तिची सून, एक गाय, दोन बकऱ्या. मी म्हातारीला आजी म्हणायचे. सून सव्वीस-सत्तावीस वर्षांची, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. मी गेले की गोणपाट टाकायची, कोरा चहा ठेवायची आणि मी वही काढली की म्हणायची, "म्याडम, दोन सालापासून तुमीच इचारून राहिल्या. आमची पाळी कधी येईन?" मग तीच विचारायची. माझं लग्न काहून झालं नाही, स्कूटर पडली तर मी एकटी उचलते का, एवढं शिकून मी ढोराच्या शेणाबद्दल काहून विचारते. मी उत्तरं द्यायचे आणि ती सासूकडे बघून हसायची. तिच्याशी माझी मैत्री होती असं मी म्हणते. ती काय म्हणाली असती, माहीत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात आजीने मला सांगितलं होतं. त्या दिवशी मी कुंपणाच्या आत गवतात बसून टिपणं काढत होते. तिने बाहेरून हाक मारून मला उठवलं.

"गवतात बसू नको वं बाई. उठ पयले."

"काहून आजी?"

"माय असते भादव्याच्या गवतात. बसलं का बोट टेकवते."

"बोट म्हणजे?"

"काळा डाग. चटका देल्यावानी. दुखत नाई, खाजवत नाई, मनून मानसाले मालूमच पडत नाई. झाकल्या जागी टेकवते. काखेत, छातीखाली, परकराच्या नाडीखाली. आन् मंग आठ-दहा दिसानं ताप. आंगावर बोट दिसलं का तो ताप साधा नसते. मोठ्याच दवाखान्यात न्या लागते."

तिने आणखीही सांगितलं. पूर्वी भादव्यात इथे उंच गवत नसायचंच, कारण ढोरं चरायची. जे कोपऱ्याकापऱ्यात वाढायचं, ते दसऱ्यानंतर वाळल्यावर कापायचं. हिरवं कापायची वेळ आलीच, तर कापून एक दिवस उन्हात पडू द्यायचं, मायला त्यातून निघून जाऊ द्यायचं आणि मग भारा बांधायचा. घरी आलं की नेसूचं गोठ्यातच सोडायचं, गरम पाण्याने आंग धुवायचं, मग चूल.

मी हे सगळं वहीत लिहिलं. शब्दन् शब्द, तिच्याच बोलीत. ती समोर बसून माझ्या पेनाकडे बघत होती. मधेच थांबून तिने विचारलं, "लिवलं का?" मी म्हटलं, "लिवलं." ती समाधानाने उठून गेली.

शुक्रवारी फॉर्म भरला. 'माय' हा शब्द ऐकताक्षणीच माझ्या डोक्यात रकाना ठरून गेला होता. चौथ्या रकान्यात मी एक ओळ लिहिली. 'गवतात देवीचा वास असतो व तिच्या स्पर्शाने ताप येतो, अशी समजूत.' काळा डाग गेला. दुखत नाही, हे गेलं. झाकलेली जागा गेली, आठ-दहा दिवस गेले. एका म्हातारीने आयुष्यभर बायांची आंगं चोळून जे डोळ्यांनी पाहिलं होतं, ते सगळं मी गाळलं आणि तिने त्याला दिलेलं नाव तेवढं ठेवलं. सरांना ती ओळ फार आवडली. बैठकीत त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि मीही कौतुक झाल्यासारखी हसले.

एवढ्यावरही भागलं नाही. ढोरांना बंदी केल्यावर गाव चिडलं, तेव्हा तोडगा निघाला की बायांनी आत येऊन हाताने गवत कापून न्यावं. वेळ सकाळची, दोन तास. कापलेलं गवत त्याच दिवशी बाहेर न्यायचं, आत पडलेलं दिसलं तर जप्त. हे नियम सरांनी इंग्रजीत पाठवले. त्यांचं सोप्या मराठीत भाषांतर करून फलकावर कसं लिहायचं, ते मी ठरवलं. उन्हात एक दिवस पडू द्यायचं असतं, हे माझ्या वहीत होतं आणि 'त्याच दिवशी उचलावे' हे मी फलकावर लिहिलं. दोन्हीकडचं अक्षर माझंच. बाया, त्यांत आजीची सूनही, घाईघाईत उकिडव्या बसून ओलं गवत कापायच्या, भारा डोक्यावर घेऊन पळायच्या. घरी गेल्यावर नेसूचं सोडून आंग धुवायला कुणाला सवड होती?

दुसऱ्या वर्षी पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मारबत म्हणजे रोगराईचा पुतळा निघाला, सगळी रोगराई घेऊन जा म्हणून अख्खं गाव ओरडलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी सुनेला ताप आला.

पहिले तीन दिवस तिने अंगावर काढला. मग जवळच्या बाजाराच्या गावात एका खाजगी डॉक्टरने सुई दिली, सलाईन लावली. रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. 'व्हायरल' म्हणाला. ज्या तापाचं नाव माहीत नसतं, त्याला हल्ली सगळे व्हायरल म्हणतात.

सहाव्या दिवशी मी गेले. तिला भेटायला म्हणून नव्हे. शुक्रवार जवळ आला होता आणि मला फॉर्म भरायचा होता. ती खाटेवर पडली होती. डोळे लाल, ओठ सुकलेले, अंगाला कापरं. मला बघून हसायला गेली आणि हसू अर्ध्यातच राहिलं. आजी माझा हात धरून म्हणाली, "पाय ना वं बाई. मायनं बोट टेकवलं इले. हे पाय, नाडीखाली."

ती सुनेच्या परकराची गाठ सैल करायला वाकली.

मी तिचा हात धरून मागे घेतला. मला आजही माझी ती पकड आठवते. "आजी, ते राहू द्या," मी म्हटलं, "मायबिय काही नसते. पयले हिले मोठ्या दवाखान्यात नेऊ." वडिलांनी काकूंना अडवलं होतं तशीच मी उभी होते. निदान मला तसं वाटत होतं. संस्थेची जीप मागवली. जीप येईपर्यंत फॉर्म भरला. चौथ्या रकान्यात लिहिलं, 'कुटुंब देवीचा कोप मानते, परंतु समजावल्यावर उपचारास तयार.' समजावल्यावर! ती म्हातारी मला वर्षभरापासून मोठा दवाखाना मोठा दवाखाना म्हणून सांगत होती.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गर्दी होती. एका तरुण डॉक्टरने तिला तपासलं. बिचारा सकाळपासून उभा असावा, तरी आवाज चढवत नव्हता. मी शिकलेली दिसले म्हणून माझ्याशी बोलू लागला, अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत. ताप किती दिवस, तपासण्या कोणत्या झाल्या, औषधं कोणती दिली. मी धडाधड उत्तरं दिली. मला सगळं येत होतं. मग बोलणं सगळं इंग्रजीतच सुरू झालं. त्याने विचारलं, अंगावर कुठे पुरळ, जखम, खपली असं काही आहे का?

मी म्हणाले, नाही.

आजी माझ्या मागेच उभी होती. ती डॉक्टरकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. हो, हो. डॉक्टरने लिहून घेतलं. भरती करून घेतलं. मी घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी कार्यालयात आम्हा सगळ्यांसाठी एक प्रशिक्षण होतं. आरोग्य गटाच्या एक डॉक्टर बाई पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. विदर्भात पावसाळ्याच्या शेवटी येणारा एक ताप, स्क्रब टायफस. झुडपांत, उंच गवतात, उंदरांच्या वावराच्या जागी एक किडा असतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक, चिगर म्हणतात. तो चावतो तिथे काळी खपली पडते. ती दुखत नाही, खाजत नाही. बहुधा काखेत, छातीखाली, कमरेच्या पट्ट्याखाली असते, म्हणून शोधावी लागते. पुढचं चित्र आलं. गोऱ्या कातडीवर एक काळा, गोल डाग, भोवती लाल कडा. चटका दिल्यासारखा.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. दोन वर्षं आम्ही त्या गवतात बायांना पाठवत होतो आणि प्रशिक्षण आता चाललं होतं. मी खुर्ची पाडून बाहेर पळाले. स्कूटर कशी चालवली आठवत नाही. वॉर्डात त्याच तरुण डॉक्टरला गाठून म्हटलं, परकराच्या नाडीखाली बघा. त्याने नर्सला बोलावलं, पडदा ओढला. दोन मिनिटांत बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. त्याच क्षणी औषध सुरू केलं. औषध साधं, कुठल्याही दुकानात मिळणारं. पण तोवर फुप्फुसं भरली होती. तिला अतिदक्षता विभागात हलवलं, नळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिचा नवरा ट्रक सोडून धावत आला, तो पंधरा मिनिटं उशिरा पोचला.

डॉक्टर मला एवढंच म्हणाला, "भरती केलं तेव्हाच कळलं असतं तर..." चांगला मुलगा. त्याने वाक्य पूर्ण केलं नाही.

मी वडिलांना सांगितलं. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, कमी बोलतात. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू पायलं होतं का?"

"काय?"

"थो डाग. थे बुडी दाखवून राहिली होती, तं तू पायलं का?"

"नाही बाबा."

"मंग कायचं विज्ञान?" ते म्हणाले. "काकूले मी बाहीर थांबवलं, पर तुह्या आंगावरचे फोड म्या सोता पायले होते, कंदील धरून. कानामागं बी पायले. पायल्याशिवाय मानू नये, तसं पायल्याशिवाय नाकारू बी नये."

इतकं बोलून ते भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं होतं ते माझी बाजू घेतील.

मग अहवाल आला. आमचे सर दोन वर्षांत तीन वेळा त्या गावात आले होते आणि तिन्ही वेळा जीपमधून उतरताना बूट कुठे ठेवायचे याचीच त्यांना काळजी. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाचं अक्षर मात्र सुंदर असतं. अहवालात लिहिलं होतं, 'महिला रुग्ण लाजेपोटी शरीरावरील लक्षणे लपवतात. धार्मिक समजुतींमुळे उपचारास विलंब होतो. या समाजात जाणीवजागृतीची गरज आहे.' कुंपणाबद्दल एक अक्षर नाही. दोन तासांच्या नियमाबद्दल नाही. कंपनीला पाठवायच्या प्रतीवर मुखपृष्ठाला हिरव्यागार गवताचा फोटो होता.

मी बैठकीत ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा कार्यालयात ओरडले. "ढोरं आत असती तर गवत एवढं वाढलं असतं का? बायांना भादव्यात कुणी आत पाठवलं?"

"हे बघा," सर शांतपणे म्हणाले, "एका केसवरून असा निष्कर्ष काढता येत नाही."

"मग त्याच एका केसवरून बायांची लाज कशी सिद्ध झाली?"

सर बरोबर होते, एका मरणाने कुंपण दोषी ठरत नाही, हे मलाही कळतं. मी झाडांच्या विरोधात नाही. पण तोच न्याय गरिबाच्या घरात शिरताना दाराबाहेर काढून ठेवायचा, हे कुठलं शास्त्र? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि वर त्याला जाणीवजागृती म्हणायचं. आणि माझं काय? मी कोणत्या तोंडाने ओरडत होते? तो रकाना मीच तर भरून दिला होता. त्यांच्याजवळ माझ्या अक्षरातले पुरावे होते.

सरांनी फॉर्मांची चळत माझ्यापुढे सरकवली आणि एक प्रश्न विचारला. "तुम्ही म्हणता सासूला तो डाग माहीत होता. मग दवाखान्यात ती गप्प का राहिली? डॉक्टरला का सांगितलं नाही? लाज नाही तर दुसरं काय?"

खरंच, ती गप्प का राहिली? तो प्रश्न मी घरी घेऊन आले. आणि आता खरं सांगते. तो प्रश्न मला मनातून आवडला होता. ती लाजली असेल, घाबरली असेल, तर सगळा भार माझ्या एकटीच्या डोक्यावर राहत नव्हता. वरून सरांवर चिडलेली मी, आतून सरांच्याच वाक्याला धरून बसले होते. मला म्हातारीचा रागही येऊ लागला होता. मला घरी दहादा सांगितलंस, मग तिथे एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?

तेरवीनंतर चार-पाच दिवसांनी मी गावात गेले. वही नेली नाही. भर दुपार होती. आजी अंगणात बकऱ्यांपुढे पाला टाकत बसली होती. मला बघून उठली नाही, पण सरकून जागा दिली. मी जमिनीवरच बसले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तेवढं जमलं.

"आजी, एक विचारू?"

"इचार ना. इचाऱ्यालेच येतं तू."

"त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही माझ्या मागं उभ्या होत्या. डॉक्टरले काहून नाही सांगतलं, बोट आहे म्हणून? लाज वाटली का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते.

"लाज? कायची लाज? म्या साऱ्या गावाच्या बाया नाग्व्या पायल्या, मले कायची लाज येईन वं?" तिने पाल्याची फांदी मोडली. "तू सांगून राहिली होती ना त्याले. विंग्रजीत. मले का समजते थे? तुह्यापाशी तं पयलेपासून लिवलेलं होतं सारं, काळा डाग, नाडीखाली, सारं. म्या इचारलं बी होतं तुले, लिवलं का, तं तू म्हनली लिवलं. मले वाटलं थेच सांगून राहिली. मनून म्या मान हालवत होती. बीचात बोलून तुह्या बोलन्यात काहून खोडा घालू?"

बकरी तिच्या हातातला पाला ओढत होती. तिने सोडला.

"मंग तू त्याले काय सांगतलं वं बाई?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. मला तेव्हाही काहीतरी जुळवून सांगता आलं असतं, मी शिकलेली आहे, मला जुळवता येतं.

"त्यानं विचारलं होतं आजी," मी म्हटलं, "अंगावर कुठे डाग आहे का. मी म्हणाले, नाही."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, उरलेला पाला बकऱ्यांपुढे सरकवला आणि घरात गेली. दार उघडंच ठेवलं, पण ये म्हणाली नाही.